बातमी आणि सूचना यांच्यामधला धुरा : सामुदायिक रेडिओच्या नियमावलीचे एक वाचन

सामुदायिक रेडिओसाठी केंद्र सरकारने २००६ साली काढलेली धोरण-नियमावली साहित्याच्या अंकात वाचायला घेण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कोणी बोलायचे, कशाबद्दल बोलायचे, कोणत्या बोलीत आणि किती वेळ, हे ठरवणारा मजकूर हाही भाषेचाच व्यवहार आहे. नाटकाच्या परिनिरीक्षणावर आपण परिसंवाद घेतो, पुस्तकावरच्या बंदीवर लेख लिहितो. पण शंभर वॅटच्या प्रक्षेपकाला जोडलेल्या अटींकडे मात्र तांत्रिक बाब म्हणून बघतो. ही नियमावली मी सिंदेवाहीत बसून वाचली आहे. जागेचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण याच अटी पुण्यात किंवा मुंबईत विद्यापीठाच्या आवारात वाचल्या तर त्यात अडण्यासारखे फारसे काही सापडत नाही. जंगलाच्या काठावर वाचल्या की पहिल्या पानापासून अडखळायला होते.

आधी थोडा इतिहास. १९९३ च्या हिरो चषक क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून माहिती व प्रसारण मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. वरवर पाहता तो पैशाचा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचा निकाल देताना मात्र क्रिकेटच्या पलीकडे जाऊन सांगितले, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची मक्तेदारी नाही आणि विकत घेणाऱ्याची जहागीरही नाही. तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाने लोकहितासाठी करावे. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे. मराठी माणसाने लिहिलेल्या या निकालाची दखल मराठी वैचारिक लेखनात हवी तेवढी घेतली गेलेली नाही, असे माझे मत आहे. अशा ठिकाणी आपण सर्वोच्च न्यायालयापेक्षा साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर जास्त शाई खर्च करतो.

निकालानंतर सात वर्षांनी, २००२ च्या डिसेंबरात, शैक्षणिक संस्थांना रेडिओ चालवायला परवानगी मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ साली सुरू झाले. १६ नोव्हेंबर २००६ रोजी मंत्रिमंडळाने दार आणखी उघडले आणि निदान तीन वर्षे नोंदणी झालेल्या स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे यांनाही पात्र ठरवले. आज देशात अशी पाचशेच्या घरात केंद्रे आहेत. आपल्याकडे म्हसवडचे माणदेशी तरंग वाहिनी, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे शारदा कृषी वाहिनी ही त्यांतली नावाजलेली.

नियमावलीत काय आहे? प्रक्षेपकाची शक्ती सामान्यतः शंभर वॅट, मनोरा जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर. सपाट मुलखात आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत. ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत. चालवणाऱ्या संस्थेच्या मालकीत आणि कारभारात त्या समुदायाचे प्रतिबिंब दिसावे. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा. आकाशवाणीची कार्यक्रमविषयक व जाहिरातविषयक आचारसंहिता पाळावी. यातल्या बहुतेक गोष्टींशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. बोलीचा आग्रह तर मनापासून स्वागत करावे असा आहे. पण त्यातच एक वाक्य आहे, त्याचा आशय असा : बातम्या, चालू घडामोडी आणि एरवीही राजकीय स्वरूपाचे कोणतेही कार्यक्रम प्रसारित करू नयेत.

या एका वाक्याने बाकीच्या सगळ्या वाक्यांचा अर्थ बदलतो. वाक्य जसेच्या तसे पाळणे अशक्य होते, म्हणून पुढे दुरुस्त्या झाल्या. हवामान, वाहतूक, खेळ, यात्रा-उत्सव, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या जागा, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचा इशारा हे विषय ‘बातमी नव्हे’ असे मानायचे ठरले. आकाशवाणीच्या बातम्या मूळ रूपात किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून द्यायलाही मुभा मिळाली. म्हणजे दिल्लीत घडलेले झाडीबोलीत सांगता येईल, गुंजेवाहीत घडलेले झाडीबोलीत सांगता येणार नाही. गुंजेवाही आमच्याच तालुक्यातले गाव आहे.

विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. दोन शेतांमधला धुरा ही जागा भांडणाची. दरवर्षी नांगर थोडा थोडा सरकतो आणि दहा वर्षांनी कोर्टकज्जा उभा राहतो. सूचना आणि बातमी यांच्यामधला हा कागदी धुरा नेमका कुठून जातो, हे पाहण्यासाठी सिंदेवाहीइतकी चांगली जागा मिळणार नाही.

हा तालुका ब्रह्मपुरी वनविभागाच्या आणि ताडोबाच्या शेजारचा. वाघ इथे अभयारण्याची सीमा बघून फिरत नाही. एप्रिलमध्ये मोह पडतो, मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. मोह वेचायला पहाटे, उजाडायच्या आत निघावे लागते. उशीर झाला तर गुरे आणि हरणे फुले खाऊन टाकतात. वाघाच्या फिरण्याची वेळही तीच. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

आता समजा, इथे एक सामुदायिक केंद्र आहे. कल्पना फार दूरची नाही. सिंदेवाहीला कृषी विज्ञान केंद्र आहे, धानाचे संशोधन केंद्र आहे, आणि धोरणाप्रमाणे कृषी विज्ञान केंद्र अर्जाला पात्र आहे. पहाटे साडेचारला त्या केंद्रावरून आवाज येतो : अमुक कक्षात वाघीण पिल्लांसह आहे, आज त्या बाजूला जाऊ नका. ही सूचना झाली, तिला मुभा आहे. दुसरे वाक्य : वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना शासन २५ लाख रुपये देते, अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करावा. हीही सूचना. तिसरे वाक्य : अमक्या घराला ही रक्कम इतके महिने होऊनही पूर्ण मिळालेली नाही. ही बातमी, आणि ती बंद. चौथे : गावाने ठराव करून मागितलेले कुंपण झाले नाही. हेही बंद, कारण यात राजकारणाचा वास आहे. ऐकणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही चारही वाक्ये एकाच विषयावरची आहेत. पहिल्या दोन वाक्यांत शासन बोलते आणि लोक ऐकतात. पुढच्या दोन वाक्यांत लोक बोलतात आणि शासनाने ऐकावे अशी अपेक्षा असते. नियमावलीतला धुरा बातमी आणि सूचना यांच्यामधून गेलेला दिसतो. प्रत्यक्षात तो आवाज कोणत्या दिशेने जातो यावर आखलेला आहे.

नियमावलीचे व्याकरणही हेच सांगते. समुदाय या मजकुरात सतत येतो, पण बहुतेक वेळा षष्ठीत : समुदायाच्या गरजा, समुदायाचा सहभाग, समुदायाचे प्रतिबिंब. तो कर्ता म्हणून फारसा कुठे उभा राहत नाही. अर्ज संस्था करते, परवानगी मंत्रालय देते, वारंवारिता दुसरे खाते ठरवते, आणि आगळीक झालीच तर चौकशी दिल्लीतली आंतरमंत्रालयीन समिती करते. पहिल्या चुकीला परवानगी एका महिन्यापर्यंत स्थगित, दुसऱ्या चुकीला तीन महिन्यांपर्यंत, त्यानंतर रद्द. ज्या माणसाबद्दल केंद्रावरून चुकीचे बोलले गेले त्याला त्याच केंद्रावरून, त्याच वेळेला उत्तर देण्याचा हक्क असावा, असे कलम २००६ च्या मजकुरात नाही. महिनाभर केंद्र बंद पडल्याने नवरगावच्या एखाद्या दुकानदाराची गेलेली अब्रू परत येत नाही. उलट बंद केंद्रावरून दुरुस्तीही सांगता येत नाही.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की सगळे निर्बंध काढून टाका एवढेच माझे म्हणणे आहे. तसे नाही. सरकारची भीती अगदीच निराधार नाही, आणि आमच्या भागात तर ती हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही.

रेडिओने माणसे मारता येतात. रवांडात १९९३ ते ९४ मध्ये एका खासगी केंद्राने तुत्सींविरुद्ध द्वेष पेरला आणि पुढे माणसांची नावे-ठिकाणे वाचून दाखवली. त्यासाठी जबाबदार असलेल्यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००३ मध्ये दोषी ठरवले. इतके लांब जायलाही नको. गडचिरोलीच्या जंगलात ‘हा पोलिसांचा खबऱ्या’ एवढ्या तीन शब्दांवर कित्येक जीव गेले, आणि ‘हा नक्षल्यांना जेवण देतो’ एवढ्या वाक्यावर कित्येकांच्या आयुष्याची वर्षे गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू होता. तिथे मारणारे बाहेरून आले नव्हते. तिथला समुदायच तो होता.

हा प्रसंग सामुदायिक माध्यमांबद्दल गोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने समोर ठेवायला हवा. या विषयावरच्या लेखनात समुदाय हा शब्द देवघरातल्या मूर्तीसारखा वापरला जातो. त्याला हात लावायचा नाही, फक्त नमस्कार करायचा. पण गावात जात असते, भाऊबंदकी असते, विधवेच्या शेतावर डोळा असतो. वणीच्या चौकात त्या दिवशी माइक असता तर त्यावरून काय बोलले गेले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. आणि ते बोलणे स्थानिक बोलीत, शंभर टक्के स्थानिक सहभागाने झाले असते. म्हणजे या दोन अटींच्या कसोटीला ते पूर्ण उतरले असते.

मग आकाशवाणीची आचारसंहिता इथे उपयोगी पडते का? ती १९६० च्या दशकात घडली. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म व समाजांवर हल्ला नको, अश्लील व बदनामीकारक नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, राष्ट्रपती व न्यायसंस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे नकोत, कोणत्याही राज्यावर किंवा केंद्रावर वैरभावाने टीका नको. ही यादी देशभर पोचणाऱ्या सरकारी आवाजासाठी केलेली आहे, हे वाचताक्षणी कळते. सिंदेवाहीचे केंद्र मित्रराष्ट्राचे काय बिघडवणार? गावातल्या कोणाचे नाव कोणत्या संदर्भात घ्यायचे नाही, हा इथला खरा प्रश्न आहे. बदनामी आणि चिथावणीच्या कलमात तो ओढूनताणून बसवता येतो, पण ‘अमकीकडे बाहेरची माणसे येतात’ या वाक्यात बदनामीही नाही आणि चिथावणीही नाही. तरी ते वाक्य रात्री कोणाच्या दारावर थाप पडायला पुरेसे आहे.

वाघाचेच पुन्हा घेऊ. वाघीण कोणत्या कक्षात आहे हे मोह वेचणाऱ्या बाईला कळले पाहिजे, आणि शिकाऱ्याला कळता कामा नये. चंद्रपूरच्या जंगलात बाहेरच्या टोळ्यांनी वाघ मारल्याची प्रकरणे अगदी अलीकडचीही आहेत. शिवाय मोबाइलवर चित्रीकरण करायला धावणारी पोरे आहेत. ‘वाघीण अमुक तलावाच्या पाळीवर’ असे सांगायचे, की ‘आज उत्तरेकडच्या मोहाला जाऊ नका’ असे? दोन्ही सूचनाच. मुभा दोन्हींना आहे. जबाबदारी मात्र दोन्हींत सारखी नाही. नियमाने जिथे रेघ मारली तिथे धोका नाही, आणि जिथे धोका आहे तिथे नियम गप्प आहे. माझी मूळ तक्रार ही आहे.

सरकार न्यायालयात जे सांगते तेही या संदर्भात वाचण्यासारखे आहे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका करून खासगी व सामुदायिक रेडिओवरच्या बातम्यांच्या बंदीला आव्हान दिले. सरकारच्या बाजूने देशविघातक शक्तींच्या गैरवापराची भीती मांडली गेली. हा युक्तिवाद २००६ साली तरी समजण्यासारखा होता. आज सिंदेवाहीच्या चौकात उभे राहिले तर प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर दहा स्थानिक ‘न्यूज’ दिसतात. माइकवर स्वतःच छापून घेतलेले बोधचिन्ह, मागे दवाखान्याचे दार, आणि चादरीखालच्या प्रेताचे जवळून घेतलेले चित्र. मृताच्या घरचे पोचायच्या आत ते चित्र घरी पोचलेले असते. यांना कोणी तीन महिने मजकूर जपायला सांगितलेले नाही. ज्याच्याकडे परवाना, पत्ता, जपलेले ध्वनिमुद्रण आणि जाब विचारता येईल असा माणूस आहे त्याला बातमी बंद. ज्याच्याकडे यातले काहीच नाही तो दिवसरात्र बातमी देतो. गैरवापराची भीती खरी असेल, तर जबाबदार माणसाचे तोंड बांधून ती कमी कशी होते, हे कोणी समजावून सांगितलेले मला आढळले नाही.

दूरचित्रवाणीचे चित्र याहून विचित्र आहे. सामुदायिक टीव्हीसाठी आपल्याकडे वेगळा परवानाच नाही. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात पीज येथून १९७५ पासून दहा वर्षे ‘इस्रो’ने स्थानिक दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. गावकऱ्यांनीच भूमिका केल्या, पिळवणुकीवर मालिका झाल्या, आणि १९८५ साली ते संपले. नंतर उरले ते तालुक्याच्या गावातल्या केबलवाल्याचे स्वतःचे चॅनेल : गणपतीची मिरवणूक, नगरसेवकाचा वाढदिवस, दुकानाच्या जाहिराती. त्याला १९९५ चा केबल कायदा लागतो आणि त्याचे अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी यांच्याकडे. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

नेपाळ जवळचा आहे. काठमांडूचे रेडिओ सगरमाथा १९९७ साली सुरू झाले आणि नेपाळातल्या सामुदायिक केंद्रांवर बातमी हा रोजचा ऐवज बनला. १ फेब्रुवारी २००५ ला राजाने सत्ता हातात घेऊन एफएमवरच्या बातम्या बंद केल्या, तेव्हा काही ठिकाणी बातम्या गाऊन सांगितल्या गेल्या. आमच्या झाडीपट्टीच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. दंडार आणि खडी गंमत यांत गावातल्या सावकाराची, पाटलाची, पुढाऱ्याची खबर शतकभर याच रीतीने घेतली गेली आहे. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. उद्या त्यांच्या तालमीतल्या कोणी रेडिओवर गंमत सादर केली आणि त्यात रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीवर दोन कोट्या केल्या, तर ती ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ धरायची की ‘चालू घडामोड’? मंत्रालयातल्या कारकुनाला हा प्रश्न पडला तर त्याची मला दया येईल.

मग जबाबदारी कुठे शोधायची? आपल्याच घरात एक जुना नमुना पडलेला आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे गावांमध्ये श्रोतामंडळांचा प्रयोग केला. (आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून आम्ही त्यात नव्हतो.) आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष, एक चिटणीस. कार्यक्रम ऐकायचा, रेडिओ बंद करायचा, मग चर्चा करायची; चर्चेचा अहवाल आणि प्रश्न केंद्राला पाठवायचे; आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे द्यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओच नाही अशी गावे, दोन्ही तुलनेला घेतली. मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ ठळकपणे जास्त दिसली.

ज्ञानवाढीचे आकडे बाजूला ठेवू. त्या प्रयोगात मला महत्त्वाचा वाटतो तो चिटणीस. कारण त्याच्यामुळे केंद्रावर एक बंधन आले : विचारलेल्याला उत्तर द्यायचे. सरकारी केंद्र, सरकारी विषय, विकासाची सरकारी भाषा, सगळे खरे. तरी दोन पत्रांच्या मध्ये केंद्राला श्रोत्याचे ऐकावे लागत होते. पन्नास वर्षांनी लिहिलेल्या धोरणात सामुदायिक हा शब्द आला आणि चिटणीस गेला. सहभागाची टक्केवारी मोजता येते म्हणून ती ठेवली. उत्तर देण्याचे बंधन टक्क्यांत मोजता येत नाही.

दुसरा नमुना सीमेपलीकडचा. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. परवाना, मनोरा, वारंवारिता काहीच नाही. साध्या मोबाइलवरून एका क्रमांकावर फोन करायचा, गोंडीत किंवा हिंदीत आपले म्हणणे नोंदवायचे, आणि दुसऱ्या कोणीही त्याच क्रमांकावर ते ऐकायचे. यात नियंत्रण नव्हते असे समजणे चूक ठरेल. प्रत्येक निरोप आधी संपादक ऐकत, खातरजमा करत, मग खुला करत; आणि गावाची तक्रार असेल तर संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांक निरोपातच सांगितलेला असे, म्हणजे ऐकणाऱ्यांनी त्याला विचारावे. हातपंप दुरुस्त झाला, मजुरी मिळाली, की तोही निरोप. रेडिओच्या कायद्यात बसणार नाही इतकी ही बातमी आहे, आणि अनेक वृत्तपत्रांना जमणार नाही इतकी ती जबाबदार आहे. संशयितांच्या या मुलखात बोलणारा आपले नाव-गाव सांगून बोलतो, ही साधी शिस्त मला फार मोलाची वाटते. पण तीच शिस्त बोलणाऱ्याला धोक्यातही घालते. नाव घ्यायचे की झाकायचे, हे प्रत्येक निरोपामागे नव्याने ठरवावे लागते. ते दिल्लीत ठरवता येत नाही.

तेलंगणातल्या झहीराबाद भागातले संगम रेडिओही याच कुळातले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रिया १९९८ पासून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत होत्या. परवाना मिळून आवाज हवेत जायला १५ ऑक्टोबर २००८ उजाडला. मधल्या दहा वर्षांत त्या फिती संगमच्या बैठकांत वाजवत. ऐकणाऱ्या समोर बसलेल्या असल्यामुळे चूक तिथल्या तिथे पकडली जाई. परवान्याने हे शिकवले नसते.

माझ्या वाचनातून निघणारे म्हणणे असे : सामुदायिक प्रसारकाची जबाबदारी विषयांच्या यादीने बांधता येत नाही, ती जाब देण्याच्या रीतीने बांधावी लागते. बातमीला मुभा द्यावी, आणि तिच्याबरोबर उत्तराचा हक्क, दुरुस्ती त्याच वेळेला त्याच आवाजात, खातरजमा कोणी केली याची नोंद, आणि नाव घेण्या-न घेण्याचा लेखी शिरस्ता, हे सक्तीचे करावे. तीन महिने मजकूर जपण्याचे कलम आहेच. आज ते मंत्रालयासाठी आहे, ते गावासाठी खुले करावे. ज्याच्याबद्दल बोलले गेले त्याला ते ऐकायला मिळावे.

पण जाब घेणार कोण, इथे गाडी पुन्हा वणीच्या चौकापाशी येते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे लोक या संदर्भात बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. पण घोषणेपेक्षा तिथली पद्धत महत्त्वाची : ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने, आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगट, ज्यात बाहेरचा जाणकारही बसू शकतो, बोलू शकतो, पण निर्णय घेऊ शकत नाही. एकाचा विरोध असेल तर निर्णय थांबतो. रेडिओच्या सल्लागार समितीला मी हाच नियम लावीन. प्रसारणाच्या आधी एका सदस्याने जरी ‘या वाक्याने अमक्याच्या जिवाला धोका आहे’ म्हटले, तरी ते वाक्य त्या दिवशी थांबले पाहिजे. मात्र सर्वसहमतीच्या या नकाराचा वापर गैरव्यवहार झाकण्यासाठी होऊ नये, म्हणून नकार फक्त जिवाच्या आणि अब्रूच्या कारणासाठी, आणि कारण लिहून. यातही पळवाटा निघतील. आमच्याकडे धुरा सरकवणारे हुशार असतात.

पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही. २०१२ साली वारंवारितेचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० केले गेले. केंद्रांनी आरडाओरडा केल्यावर ते मागे घेतले. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित नियमांनी जाहिरातीचा वेळ तासाला बारा मिनिटे केला, दहा सेकंदांचा सरकारी दर ५२ वरून ७४ रुपये केला. केंद्रे यामुळे सुखावली, ते स्वाभाविक आहे. वीजबिल भरावे लागते. पण ज्या खात्याच्या जाहिरातीवर महिना निघतो त्या खात्याने कुंपण का केले नाही, हे विचारायची हिंमत उद्या बातमीची बंदी उठली तरी कुठून येणार? बंदीपेक्षा हा लगाम मऊ आहे, म्हणून तो जास्त घट्ट बसतो. गावाने वर्गणी द्यावी, मंडईच्या नाटकाच्या तिकिटातून काही भाग राखावा, असे मार्ग सुचतात. वडसा-देसाईगंजची नाटकमंडळी सरकारी अनुदानाशिवाय हंगामभर रात्र-रात्र नाटके करतात आणि बाया-पोरांसकट हजारो माणसे तिकीट काढून बसतात, हे पाहता हा विचार अगदीच हवेतला नाही.

बोलीच्या कलमाबद्दल एक गोष्ट राहिली. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. तिथे ‘न’ आणि ‘र’ येतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, तिची संमेलने भरवली. वनखात्याच्या पत्रकातला ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ हा शब्द मोह वेचणाऱ्या बाईच्या तोंडी कधी येत नाही. तिच्या दृष्टीने तो संघर्ष नाहीच, तिची रोजची वाट आहे. केंद्राने पत्रक बोलीत भाषांतरित केले तर ‘बोलीतला कार्यक्रम’ म्हणून नोंद होईल, पण विचार पत्रकाचाच राहील. बोलीत बोलणे म्हणजे बोलीत प्रश्न विचारणे, असे मानले तर बातमीची बंदी आणि बोलीचा आग्रह ही दोन कलमे एकमेकांच्या विरोधात उभी राहतात. धोरण करणाऱ्यांना हे दिसले नसावे, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे बोली म्हणजे गाणी होती.

२०२४ च्या नियमांत एक तरतूद मात्र मनाजोगी आहे. सल्लागार व आशय समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. आमच्या भागात याचा अर्थ ज्या जंगलात जातात त्याच ठरवतील, काय सांगायचे आणि कसे. फक्त बैठकीची वेळ जपून ठेवावी लागेल. एप्रिल-मेमध्ये सकाळी बोलावली, तर निम्मी समिती मोहाखाली असेल, आणि श्रावणात दुपारी बोलावली तर रोवणीच्या चिखलात.